तेविसावी नोंद

१

दर रविवारी मी नेदा मावशीची नखं कापायला जायचो. आठवड्यात नखं इतकी वाढत नाहीत हे मलाही कळतं. पण समोर नुसतं बसून बोलणं मला जमत नाही. हाताला काम असलं की काहीतरी सुचतं. आठवीत शाळा सोडल्यापासून मी लोम या नदीकाठच्या गावात दिम्चो मिस्त्रींच्या हाताखाली काचा बसवतो. तिथेही मिस्त्री बोलतात आणि मी काच धरतो.

मावशीनं मला वाढवलं. बंदरावरच्या खानावळीत तिनं तीस वर्षं सूप ढवळलं, आणि त्याच पळीनं मला बडवलंही. दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावर घसरून तिचा खुबा मोडला. मी दिवसभर कामावर, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून तिला वृद्धाश्रमात ठेवलं. मीच ठेवलं. कागदांवर सही माझी होती.

एक मार्चला आमच्याकडे सगळेच बांधतात तसा मी तिच्या डाव्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला. मार्तेनित्सा. पहिला करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत तो सोडायचा नाही. दिसलं की आपणच सोडायचा आणि फांदीला अडकवायचा. दुसऱ्याच्या हातचा दोरा कापणं म्हणजे त्याचं आयुष्य कापणं, असं मावशीच मला लहानपणी सांगायची. मी एकदा वर्गातल्या मुलीचा दोरा तोडून आणला होता, तेव्हा तिनं मला तो परत द्यायला लावला, माफी मागायला लावली आणि वर पळीही हाणली.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नखं कापताना पाहिलं, तर तिच्या उजव्या मनगटावरही एक दोरा होता.

"हा कोणी बांधला?"

"मार्ताआजीनं," मावशी म्हणाली.

मार्ताआजी म्हणजे मार्च महिना. हसली की ऊन, रुसली की बर्फ. लहान मुलांना सांगतात, ती येऊन दोरे बांधते म्हणून.

"मावशी, मे लागलाय."

"मग तिला सांग जाऊन. मला काय सांगतोस, गाढवा?"

आणि तिनं बाही खाली ओढली. जरा घाईनंच ओढली.

२

आश्रमाचं घर पूर्वी बालवाडी होतं. गावात मुलं राहिली नाहीत तेव्हा बंद पडलं, मग मिलुशेवाबाईंनी ते घेऊन आश्रम काढला. हात धुवायची भांडी अजून गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. म्हातारी माणसं तिथे वाकून तोंड धुवायची. भिंतीतली छोटी कपाटंही तीच होती, आणि वाचता न येणाऱ्या पोरांसाठी त्यांच्यावर रंगवलेली चित्रंही तशीच होती: बदक, अळिंबी, कासव, छत्री. नावाच्या चिठ्ठ्या लावायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. आया माणसांना चित्रांवरूनच हाका मारायच्या. "अळिंबीला औषध दिलं का?" अळिंबी म्हणजे माझी मावशी.

"बरंय की," मावशी म्हणायची, "बदकापेक्षा बरं. त्या बदकाचा नवरा कर्नल होता म्हणे. आता बस क्वॅक क्वॅक करत."

भेटायची वेळ चार ते पाच. दोन ते चार शांत तास. बालवाडीत पोरांना झोपवायचे तोच तास, तोच फळ्यावरचा कागद, फक्त 'मुलं' खोडून 'रहिवासी' लिहिलेलं.

खिडक्यांना दुधी कागद चिकटवला होता. ऊन लागू नये म्हणून, असं सांगत. पण उत्तरेच्या खिडक्यांनाही तो होता. मी काचेचा माणूस, माझं लक्ष जातंच. कागद आतून लावला होता आणि कडा लांबीनं, काच बसवायच्या पुट्टीनं, बंद केल्या होत्या. कोणी नखानं उचकटू नये असं काम होतं ते. तेव्हा मी एवढंच मनात म्हटलं, की लांबी वाया घालवली.

त्यामुळे आतल्या कोणाला या वर्षी झाड दिसलं नव्हतं, करकोचाही दिसला नव्हता. आणि म्हणून सगळ्यांच्याच मनगटांवर दोरे होते. पहिल्यांदा ते पाहून मला गंमत वाटली होती, हे मी लपवत नाही.

जाताना मी मिलुशेवाबाईंना उजव्या हाताबद्दल विचारलं. विचारायचं काय ते व्हरांड्यात तीनदा घोकलं होतं.

"कोणाचे तरी नातेवाईक बांधत असतील," त्या म्हणाल्या. चांगल्या बोलायच्या त्या, अंगावर इस्त्रीचे कपडे असायचे. "आम्ही हात लावत नाही हो. त्यांची श्रद्धा आहे. एप्रिलमध्ये तपासणीला बाई आल्या होत्या, त्यांनीसुद्धा शेरा लिहिलाय, आमच्याकडे सणवार पाळतात म्हणून. दाखवू?"

त्यांनी खरंच दाखवला. फ्रेम करून भिंतीवर लावला होता.

३

पुढच्या रविवारी डाव्या मनगटावर तीन दोरे होते. उजव्यावर चार. इतके जवळजवळ गुंडाळलेले की खालची कातडी दिसू नये. पायमोजा सरळ करायला वाकलो, तर घोट्यावरही होते.

"मावशी, पायात कोण बांधतं मार्तेनित्सा?"

"गाईला बांधतात. कोकरालाही बांधतात." ती हसली नाही. "नखं काप."

"आवळतात का गं हे?"

"हे नाही आवळत," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवरचे छत्रीआजोबा मला डोळा मारत म्हणाले, "पोरा, तुझी मावशी सजतेय. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी सजण्यापेक्षा मी नदीत उडी घेईन," मावशी म्हणाली.

आजोबांनी मान वळवून हसायचा प्रयत्न केला, आणि झोपायच्या सदऱ्याच्या कॉलरमधून मला त्यांच्या गळ्यावरचा दोरा दिसला. एकच, सैल, लाल-पांढरा. चार दिवसांनी आश्रमाच्या फाटकावर त्यांची मृत्युपत्रिका चिकटवली गेली. वर काळी कड, मध्ये तरुणपणीचा फोटो. त्यावरून मला कळलं की त्यांचं नाव अस्पारूह होतं.

मी दिम्चो मिस्त्रींना सांगितलं. ते शिडीवर चढून जुनी लांबी खरवडत होते.

"वय झालेली माणसं काहीही बांधतात," ते म्हणाले. "माझी सासू गुडघ्याला कोबीचं पान बांधून दारात बसायची."

"पण कोणीतरी दुसरंच बांधतंय."

"तू बांधणाऱ्याला पाहिलंस?"

नाही, पाहिलं नव्हतं. मग मी काच धरली.

मी स्वतःला समजावत राहिलो. म्हाताऱ्या एकमेकींना बांधत असतील. एखादी आया वेळ घालवायला बांधत असेल. सगळी कारणं पटण्यासारखी होती. फक्त एक पटत नव्हतं. त्यांच्यातल्या एकीलाही बोटांनी धड चमचा धरता येत नव्हता, आणि गाठी मात्र इतक्या बारीक आणि सारख्या होत्या, की एकाच हातानं बांधल्यासारख्या दिसत.

४

जूनच्या पहिल्या रविवारी मिस्त्रींच्या गाडीतून गेलो, त्यांना पुढच्या गावात तावदानांची मापं घ्यायची होती. त्यांनी मला अडीच वाजताच फाटकाशी उतरवलं. फाटक आतून बंद. मी बागेच्या बाजूनं वळसा घालून मावशीच्या खोलीच्या खिडकीपाशी गेलो. सावलीत बसावं, एवढाच विचार होता.

कडक ऊन होतं, मधमाश्या होत्या. आणि भिंतीच्या आत तेवीस माणसं असून एकाचाही आवाज नव्हता. तुम्ही कधी म्हाताऱ्या माणसांच्या खोलीबाहेर दुपारी बसलात का? घोरणं असतं, खोकला असतो, कोणीतरी कण्हतं, कोणीतरी मेलेल्या माणसाशी भांडतं. इथे काहीच नव्हतं. फक्त थोड्या थोड्या वेळानं एक बारीक आवाज. टक्. परत टक्. मला तो ओळखायला वेळ लागला. शिवणकाम करणाऱ्या बायका दातानं दोरा तोडतात, तो आवाज.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात लांबी वाळून सुटली होती आणि तिथे कागदानं बोटभर अंग सोडलं होतं. मी डोळा लावला.

चार खाटा दिसत होत्या. चौघींचे हात खाटेच्या लोखंडाला चादरीच्या पट्ट्यांनी बांधले होते. पायही. तोंडं छताकडे, डोळे अर्धे उघडे, गोळी दिल्यावर होतात तसे. दारात पाउना नावाची आया मांडीवर टोपलं घेऊन शेंगा सोलत होती. माझ्या मावशीच्या उशाशी कोणीतरी वाकलं होतं. मला फक्त दोन हात दिसले, तपकिरी लोकरीच्या बाह्या, बोटांच्या टोकांपर्यंत लांब. ते हात पट्टीच्या वरच्या कडेला, सावकाश, लहान मुलाला बांधावा तसा दोरा बांधत होते.

पाउनानं मान वर केली आणि थेट तिकडे पाहिलं. मग परत शेंगा सोलायला लागली.

टक्.

मी पळत पुढच्या दाराशी गेलो आणि घंटा वाजवली. दार उघडायला बराच वेळ लागला. उघडलं तेव्हा पाउनाच्या एप्रनचे खिसे फुगलेले होते आणि एका खिशातून चादरीची पट्टी लोंबत होती. मिलुशेवाबाई मागून आल्या. "चारला, झिवको. नियम म्हणजे नियम."

आणि मी, अठ्ठावीस वर्षांचा माणूस, चार वाजेपर्यंत बाकावर बसून राहिलो. फोन खिशात होता. खिडकीतून एक फोटो काढायचं मला सुचलं नव्हतं.

चारला आत गेलो. तपकिरी लोकर घातलेलं कोणी तिथे नव्हतं. मावशी ग्लानीत होती. तिच्या गळ्यावर, केसांच्या रेषेखाली, एक सैल दोरा होता.

५

दुसऱ्याच दिवशी मी वकिलीणबाईंकडे गेलो. स्विलेना दोचेवा, मिस्त्रींनी त्यांच्या कचेरीची काच बदलली होती म्हणून ओळख. माझ्याकडे करारनाम्याची प्रत होती. त्यांनी चष्मा लावून ती वाचली.

"हे तुम्ही वाचलं होतं?"

मी मान खाली घातली. बाईंसमोर सावकाश वाचत बसायची लाज वाटली होती, म्हणून सही केली होती. आठ पानांवर आठ सह्या.

"सहाव्या पानावर लिहिलंय," त्या म्हणाल्या, "पडू नये म्हणून रुग्णाला खाटेशी सुरक्षित ठेवायला नातेवाइकाची संमती आहे."

सुरक्षित या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि उचललं नाही.

"म्हणजे मीच..."

"थांबा. नातेवाइकाच्या सहीनं माणूस बांधता येत नाही. या पानाची किंमत शून्य आहे. पण त्यांचा वकील ते कोर्टात तुमच्या तोंडावर मारेल, आणि तुम्हाला उभं राहून 'होय, सही माझी' म्हणावं लागेल. जमेल?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग तिला आधी बाहेर काढा. लगेच न्यायवैद्यक डॉक्टरकडे न्या. खुणांचा दाखला घ्या. खुणा जातात, दाखला राहतो. मग मी सरकारी वकिलाकडे तक्रार देते. कोणी काय केलं, किती वाजता केलं, सगळं लिहून काढा."

मी दोऱ्याचं सांगितलं. हातांचंही सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ते लिहू नका," त्या म्हणाल्या. "वेड्यात काढतील तुम्हाला. आणि तुमच्यासोबत तिलाही."

६

मावशीला आणायला मी मिस्त्रींना घेऊन गेलो. ते दाराशी उभे राहिले की दार लहान वाटतं.

मिलुशेवाबाई म्हणाल्या, पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं असतं. मिस्त्री म्हणाले, "बाई, बाजूला होताय की दारासकट होताय?"

मी नखं कापायची कात्री काढली आणि मावशीचे दोरे कापले. तिनं डोळे मिटून घेतले, अडवलं मात्र नाही. गळ्यावरचा सर्वांत आधी कापला. तिथे खाली काहीच नव्हतं, स्वच्छ कातडी. मनगटांवरचे कापले तेव्हा मिस्त्री बाहेर निघून गेले आणि मी त्यांना भिंतीला लाथ मारताना ऐकलं. दोऱ्यांखाली पट्ट्यांच्या खुणा होत्या. काळ्या, पिवळ्या, आणि एका जागी ओल्या. हातापायांवर जिथे जिथे दोरा होता तिथे तिथे खूण होती. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही.

व्हरांड्यात पाउनानं माझी बाही धरली.

"आम्ही नाही बांधत ते दोरे," ती कुजबुजली. "देवाशप्पथ. खुणा दिसू नयेत म्हणून आम्ही त्यांना लांब बाह्यांचे कपडे घालतो. दोऱ्यानं उलट लक्ष जातं. मी रोज संध्याकाळी कापायचे. दुसऱ्या दुपारी परत असायचे. मग मी कापायचं सोडलं."

"हे कोर्टात सांगाल?"

तिनं बाही सोडली.

गाडीत मावशी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. सूर्यफुलांची शेतं नुसती हिरवी होती.

"मला सांगायचं होतंस गं," मी म्हणालो. "दर रविवारी येत होतो मी."

"काय सांगायचं? त्या बाईनं मला कागद दाखवला. म्हणाली, भाच्यानंच सही दिलीय. मला वाटलं तुझी इच्छा आहे. थकला असशील म्हटलं."

मिस्त्रींनी गाडीचा वेग कमी केला.

"बांधणाऱ्या वेगळ्या," मावशी मग म्हणाली. "आणि दोरा बांधणारी वेगळी. ती नसती तर तू कधी माझ्या मनगटाकडे पाहिलं असतंस? खरं सांग. नखांच्या वर तुझी नजर गेली होती कधी?"

७

दाखला मिळाला, तक्रार गेली, आणि जूनच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी अडीच वाजता सरकारी माणसं आश्रमात गेली. एक तरुण तपास अधिकारी, एक लिहून घेणारी पोलीस बाई, आणि मावशीला तपासणारे डॉ. तानेव. खोल्या दाखवायला मला नेलं होतं.

पण आतल्यांना आधीच कळलं होतं. म्हातारी माणसं खाटांवर नीट पडली होती, हात पांघरुणावर मोकळे, केस विंचरलेले. कसं आहात? बरं आहे. काही त्रास? नाही. सगळे एकाच आवाजात. आणि सगळ्यांच्या मनगटांवर दोरे होते, चार बोटं रुंद.

"जून संपत आला, अजून मार्तेनित्सा?" अधिकारी हसला.

"झाड बघायला खाली नेता येत नाही ना हो," मिलुशेवाबाई म्हणाल्या. "आम्ही हात लावत नाही."

डॉक्टरांनी बदकआजीचा हात उचलला. कोपर पाहिलं, दंड पाहिला, तळवा उलटून पाहिला. दोऱ्यापाशी आल्यावर त्यांची बोटं त्याला वळसा घालून पुढे गेली. पुढच्या खाटेवर तसंच. त्यांचं केस पांढरे झालेलं डोकं, चाळीस वर्षांची नोकरी, आणि दोऱ्याला वळसा. मला कळलं की ते कधीच तो काढणार नाहीत. मावशीचा सोडला तर मीही काढला नसता. आमच्यापैकी कोणीच काढत नाही, म्हणून तर इतके महिने कोणाला काही दिसलं नव्हतं.

वकिलीणबाईंनी दोऱ्याचं बोलू नका म्हटलं होतं.

"दोरा काढा," मी म्हणालो. इतक्या हळू, की मला परत म्हणावं लागलं. "डॉक्टर, दोरा काढून बघा."

"दुसऱ्याचा?" ते म्हणाले.

मी बदकआजीजवळ गुडघ्यावर बसलो आणि विचारलं, कापू का. तिनं कितीतरी वेळ मिलुशेवाबाईंकडे पाहिलं. मग हात माझ्यापुढे केला.

कापल्यावर डॉक्टर खाली बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्या हातातून कात्री घेतली.

मग ते खाटेमागून खाट गेले. मी दोरे ठेवायचा ट्रे धरून त्यांच्या मागे. पोलीस बाई व्हरांड्यात टेबल घेऊन बसली होती, डॉक्टर आतून ओरडून सांगायचे आणि ती लिहायची. डावं मनगट, पट्टीचा वळ, दोन बोटं रुंद. उजवं मनगट, जखम, पिकलेली. एकेक म्हातारं माणूस आपण होऊन हात पुढे करत होतं. एक आजोबा रडत होते आणि डॉक्टर त्यांना "झालं, झालं आजोबा" म्हणत होते.

शेवटची खोली मागच्या बाजूला, पूर्वी पोरांची खेळणी ठेवायची ती. तिच्या कपाटावर चित्र नव्हतं, रंग खरवडलेला होता. आत एकच खाट, दाराच्या मागे. मी उंबऱ्यावरच थांबलो. ट्रेमध्ये दोऱ्यांचा ढीग झाला होता आणि तो सांडेल असं वाटलं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

डॉक्टर वाकले होते. त्यांच्या दोन्ही हातांत एक हात होता. तपकिरी लोकरीची बाही त्यांनी मागे सारली होती.

"हिला दोरा नाही," ते म्हणाले. "हिला कोणी बांधलाच नाही." मग मोठ्यानं, बाहेरच्यांसाठी, "दोन्ही मनगटं, खोल खाचा, हाडापर्यंत. जुन्या. भरलेल्या. नाव सांगत नाही."

तिचं तोंड भिंतीकडे होतं. मला फक्त बोटं दिसली. नखं फार वाढलेली, आत वळलेली, आणि त्यांच्याखाली लाल आणि पांढऱ्या लोकरीचे तुकडे.

ती बोटं डॉक्टरांच्या हातात मिटली, मग उघडली.

८

नोंदवहीत बावीस रहिवासी होते. पंचनाम्यात तेवीस नोंदी निघाल्या.

अधिकाऱ्यानं परत जाऊन मागची खोली पाहिली. खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि तिच्यावर धूळ होती. पण तोवर डॉक्टरांनी खाली सही केली होती.

खटला फेब्रुवारीत उभा राहिला. आश्रम तात्पुरता बंद होता, माणसं इकडेतिकडे ठेवलेली. खटला फेटाळला गेला तर मिलुशेवाबाईंना किल्ल्या परत मिळणार होत्या, आणि ज्यांना दुसरं कोणी नव्हतं ती माणसं त्याच खाटांवर परत जाणार होती. खुणा केव्हाच गेल्या होत्या. पाउना म्हणाली, मला काही आठवत नाही. मावशीच्या दाखल्याशिवाय उरला होता तो पंचनामा.

मिलुशेवाबाईंच्या वकिलानं माझी सही माझ्या तोंडावर मारली. मी म्हणालो, होय, सही माझी. ते जमलं. मग त्यानं तेविसावी नोंद वाचून दाखवली, शब्दन् शब्द.

"नसलेल्या बाईच्या जखमा मोजणारा डॉक्टर," तो म्हणाला, "बाकीच्या बावीस जणांच्या जखमा तरी खऱ्या कशावरून मोजेल?"

न्यायाधीशबाईंनी डॉ. तानेवना विचारलं, चूक झाली असेल का? एखाद्या बाईची नोंद दोनदा झाली असेल?

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, पण हलला नाही. "मी तिचा हात हातात धरला होता. गार होता. मी तो खोडणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत दोचेवाबाईंनी मला जिन्याखाली गाठलं. "आता तुम्हाला विचारतील. त्यांच्यासोबत तुम्हीच होतात. तुम्ही फक्त 'नाही' म्हणा. कोणी नव्हतं. डॉक्टर दमले होते, उकाडा होता, चुकून दोनदा लिहिलं. एक ओळ गेली की बावीस ओळी वाचतात. कळलं?"

"आणि ती?"

"कोण ती?" बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

९

निकाल एप्रिलमध्ये लागला. मिलुशेवाबाईंना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, आश्रमाचा परवाना गेला, बावीस जणांना आणि मावशीला भरपाई मिळाली. बदकआजी आता मुलीकडे असते. मावशीला तळमजल्यावर घर घेतलंय, ती मला परत शिव्या देते. हे सगळं चांगलं झालं आणि मी ते कमी लेखत नाही.

पण फेब्रुवारीतल्या त्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, मी पिंजऱ्यात उभा होतो. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "साक्षीदार, शपथेची आठवण ठेवा. शेवटच्या खोलीत, त्या खाटेवर, कोणी होतं का?"

मला बोलायला वेळ लागला. लोकांपुढे लागतोच. मी कुठेतरी बघावं म्हणून मागच्या बाकाकडे पाहिलं. तो रिकामा होता, सुट्टीपूर्वीही रिकामाच होता. आता तिथे कोणीतरी बसलं होतं. मागे मोठी खिडकी, तिच्यातून फेब्रुवारीचा पांढरा उजेड, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. तपकिरी बाह्या तेवढ्या दिसत होत्या. तिनं दोन्ही हात एकमेकांना जोडून पुढे धरले होते, मनगटं वर करून. म्हाताऱ्या माणसांनी त्या दिवशी एकेक करून धरले होते, तसेच.

डॉ. तानेव माझ्याकडे बघत होते. दोचेवाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "गादी होती. गुंडाळलेली."

कारकुनाची बोटं टंकयंत्रावर वाजली. डॉक्टरांनी खाली, आपल्या बुटांकडे पाहिलं.

मागच्या बाकावर तिनं हात अजून थोडा वेळ तसेच धरले. मला नीट ऐकू आलं नसेल, असं तिला वाटलं असावं. मग तिनं ते सावकाश खाली घेतले, बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या, आणि मांडीवर ठेवले.